अंगणातून जाणारी वाट

फ्रान्सच्या डोंगरातल्या ला फाजेत गावात युगेत काझाल तापट म्हणून ओळखली जाते, आणि ते अगदीच चूक आहे. उभं आयुष्य तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. गाजरं टेबलाखाली टाकणारी, पावाच्या गोळ्या करून एकमेकांना मारणारी पोरं तिने वाढून वाढून मोठी केली. तिथे तिचा आवाज कधी चढला नाही. पोरं कमी होत होत शाळाच बंद झाली, तेव्हाही ती कुणाशी भांडली नाही. मोठी पातेली घासली, पुसली, फळीवर उलटी घातली आणि किल्ली गावच्या कार्यालयात देऊन आली. तिला चीड येते ती एकाच गोष्टीची. माणूस समजून उमजून खोटं वागतो आणि चेहरा मात्र सज्जनाचा ठेवतो, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालं नाही. पण त्या मे महिन्यात झालं, आणि सगळ्या गावाने ते पाहिलं.

पावाची गाडी नुकतीच येऊन गेली होती. लांब पाव काखेत धरून युगेत कार्यालयावरून चालली होती. दाराशेजारच्या काचपेटीत नवा कागद दिसला म्हणून ती थांबली. शेळीउडीच्या धबधब्याकडे जाणारी, शासांगांच्या अंगणातून उतरणारी गावची वाट आता वापरात राहिलेली नाही, सबब ती शेजारच्या घरमालकाला विकण्याचा विचार आहे. कोणाचं काही म्हणणं असेल तर चौकशी अधिकारी येत्या गुरुवारी कार्यालयात बसतील. एवढंच होतं त्यात.

युगेतने ते दोनदा वाचलं आणि दार ढकलून ती सरळ आत गेली.

"प्रादाल, हे काय आहे?"

मेयर प्रादाल टेबलामागे बसला होता. पहाटे गाईंचं दूध काढून तसाच आला होता, बुटाला शेण होतं. गाजरं टेबलाखाली टाकणाऱ्यांतला हा पहिला.

"युगेत, आधी बस तरी."

"मी बसायला आले नाही. वापरात नाही म्हणजे काय? वाट काय शिळं चीज आहे, टाकून द्यायला?"

"अगं, मी नाही म्हणत. सिल्वां म्हणतोय. लोक चालत असतील तर गावाला वाट विकता येत नाही, कोणी चालत नसेल तर येते. कोणी चालत नाही असं त्याचं म्हणणं आहे. आणि त्याने फोटो जोडलाय." प्रादालने फाइल उघडली आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकवली.

फोटोत एक शेवाळलेला दगड होता. दगडावर पिवळ्या रंगाची फुली होती. कडा नीट, दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या.

"कोणी काढली हे मी विचारत नाही," प्रादाल म्हणाला.

"विचारू नकोस. मीच काढली."

शाळा बंद झाल्यावर युगेतने डोंगरातल्या वाटा रंगवायचं काम अंगावर घेतलं होतं. त्याचे पैसे कोणी देत नाही. पिवळ्या रंगाचा डबा, ब्रश, तारेचा घासणा आणि कोयता पिशवीत टाकायचा आणि निघायचं. झाडावर किंवा दगडावर आडवी पिवळी रेघ म्हणजे चाला पुढे. फुली म्हणजे इकडे नाही. कुठल्या वळणावर माणूस गोंधळेल हे तिला बघताक्षणी कळायचं, कारण तिथे तीही गोंधळलेली असायची. मग तिने रविवारचा गट सुरू केला. वर पठारावरून ज्वालामुखीच्या लाव्हातून झालेल्या काळ्या दगडी खांबांपर्यंत जायचं, बीच झाडांच्या रानातून उतरायचं, शासांगांच्या अंगणातून शेळीउडीला पोचायचं, धबधब्याशी बसून डबे सोडायचे. खालच्या शहरातूनही माणसं यायला लागली, चांगले जाड तळाचे बूट घालून.

शासांगांचं घर म्हणजे लेओनी आणि तिचा भाऊ ओगुस्त. दोघंही लग्नावाचून राहिलेली. वाट त्यांच्या घराच्या आणि गोठ्याच्या मधून, स्वयंपाकघराच्या खिडकीला जवळजवळ घासून जाते. घराच्या आधीपासून ती तिथे आहे. गुराखी, पोस्टमन, धुणं घेऊन ओढ्यावर जाणाऱ्या बायका, सगळे तिथूनच जात आले. एकेकटे. त्याचा कधी कोणाला त्रास झाला नाही.

त्रास झाला तो गटाचा. पहिल्याच रविवारी वीसेक जोड बूट एकदम त्या अंगणातल्या दगडांवरून गेले, आणि ओगुस्त नाहीसा झाला. लेओनीने त्याला दिवसभर शोधलं. तो सापडला अंगणाच्या कडेच्या, पाव भाजायच्या जुन्या भट्टीत, गुडघे हनुवटीला लावून, तोंडात स्वतःची मूठ कोंबून. वीस वर्षांचा असताना सरकारने त्याला लढाईसाठी अल्जीरियाला पाठवलं होतं. तिथे त्याने काय पाहिलं किंवा त्याच्याकडून काय करून घेतलं गेलं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि गावाने विचारलं नाही. परत आल्यावर गाई राखल्या, चीज केलं, दारू जपून प्यायला. फक्त पुष्कळ बूट एका तालात दगडावर वाजले की तो माणूस राहत नसे.

दुसऱ्या दिवशी लेओनी युगेतच्या दारात आली होती. हातात बिलबेरीच्या जामची बरणी. बसली नाही. म्हणाली, "तुझ्या लोकांचे बूट फार मजबूत आहेत हं." आणि बरणी ठेवून गेली. भट्टीचं जे काही कळलं ते नंतर, तुकड्यातुकड्याने, पोस्टमनकडून. पण युगेतला त्या एका वाक्यात पुरेसं समजलं होतं. संध्याकाळच्या आत तिने वरच्या वळणावरच्या दगडावर फुली काढली, आणि वाट मार्सोच्या कुरणातून वळवली. लांबचा फेरा, गुडघ्याएवढा चिखल, दोन ओढे. शहरातले लोक कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली, "इकडून फुलं छान दिसतात." गावातल्या गटाला काही सांगावं लागलं नाही. कुरणातून जाताना शासांगांचं छप्पर दिसायला लागलं की सगळ्यांची बोलणी आपोआप थांबायची, आणि ओढा ओलांडला की पुन्हा सुरू व्हायची. हे ओगुस्त जाईपर्यंत चाललं, आणि तो गेल्यावर सवयीने चाललं. पुढच्या हिवाळ्यात लेओनीही गेली.

घर आलं भाच्याकडे, सिल्वांकडे. तो क्लेर्मों शहरात असतो, घरं भाड्याने देतो. त्याने शासांगांचं घर आतून पांढरं केलं, गोठ्यात काचेचं दार बसवलं, अंगणात गरम पाण्याचा लाकडी हौद मांडला. मार्सोचं कुरणही घेतलं. गवतासाठी म्हणाला, म्हणून म्हाताऱ्या मार्सोने दिलं. महिन्याभरात तिथे विजेच्या तारेचं कुंपण आलं. कुरणाचा फेरा बंद. आता अंगणातली वाट विकली गेली की शेळीउडीला जायचा रस्ताच उरत नव्हता. पाहुण्यांसाठी छापलेल्या रंगीत पत्रकावर सिल्वांने आधीच टाकलं होतं: खासगी धबधबा.

युगेत त्याच दुपारी त्याच्याकडे गेली. तो हौदाच्या फळ्यांना तेल लावत होता.

"सिल्वां, आम्ही वाट का सोडली ते तुला ठाऊक आहे."

"बोंजूर, मादाम काझाल. मला एवढंच ठाऊक आहे की तुम्ही ती सोडलीत."

"मादाम काझाल? सुट्टीत मामाकडे यायचास तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून जामचा चमचा चाटायचास. तेव्हा युगेत होते मी. आज अहो-जाहो कशाला? वकिलाने शिकवलं?"

सिल्वांने फडकं खाली ठेवलं. तो रागावला नाही, आणि तेच तिला असह्य झालं.

"हे बघा," तो शांतपणे म्हणाला, "कारण सांगायचं असेल तर गुरुवारी सांगा ना. सगळ्यांसमोर. ओगुस्तमामांना काय व्हायचं, ते कुठे लपायचे, लेओनीमावशी त्यांना कोणत्या अवस्थेत बाहेर काढायची. चौकशी अधिकारी बाई लिहून घेतील सगळं. वर्तमानपत्रवालाही येईल कदाचित." आणि हसला. "तुम्ही सांगणार असाल, तर माझी काही हरकत नाही."

परतीच्या चढावर युगेतला दोनदा थांबावं लागलं. धाप लागली होती, पण चढामुळे नाही. या पोराने सगळा हिशेब बसवला होता. गाव मूग गिळून बसेल, कारण मेलेल्या माणसाची अब्रू गावाला वाटेपेक्षा मोठी वाटते, हे त्याला त्या घरात सुट्ट्या काढताना कळलं होतं. तेवढंच काय ते तो तिथे शिकला होता! वीस वर्षं माणसं चिखलातून हिंडली ती त्याच्या मामासाठी. तेच आता गुन्हा ठरलं होतं, आणि पुरावा तिच्या हातचा.

संध्याकाळी चौकातल्या दुकानात, कॉफी आणि कडू जेंशियान दारूच्या पेल्यांवर, सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं.

"सांगून टाक," मार्सो म्हणाला. कुरण विकल्यापासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "मेलेल्या माणसाला आता कसली लाज?"

"त्याला नसेल. मला आहे."

"मग आम्ही सगळे सांगतो की दर रविवारी त्याच वाटेने जात होतो. एकमुखाने. कोण खोटं पाडणार?"

"ती फुली पाडेल. आणि खोटं बोलायचं असेल तर सिल्वांमध्ये आणि तुझ्यात फरक काय उरला? तो निदान केस विंचरून खोटं बोलतो."

लोक हसले. मार्सोही हसला, पहिल्यांदाच. पण काय करायचं ते कोणालाच सुचलं नाही.

गुरुवारी कार्यालयाची खोली भरून गेली. चौकशी अधिकारी म्हणजे चष्मा गळ्यात अडकवलेली एक बारीक चणीची बाई होती, मादाम तेसिए. समोरच्या रांगेत सिल्वां, इस्त्रीचा शर्ट. प्रादाल भिंतीशी उभा. युगेतची पाळी आली तेव्हा ती बसल्या जागेवरूनच बोलायला लागली.

"फुली मी काढली. वाट विकू नये असं माझं म्हणणं आहे."

"फुली का काढलीत, मादाम?"

"ते मी सांगणार नाही."

सिल्वांने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे खांदे सैल झाले ते सगळ्यांना दिसलं.

"कारणच सांगितलं नाहीत तर मी काय लिहू?" मादाम तेसिए म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती, खरोखरची अडचण होती.

"असं लिहा, की तिथे वाट होती म्हणून फुली काढावी लागली. जिथे वाटच नसते तिथे फुली कशाला काढेल कोणी? काटेरी रानात जाऊन मी झुडपांवर फुल्या काढत नाही."

मागे कोणीतरी टाळी वाजवली. सिल्वां उठला. "मादाम, हे शब्दांचे खेळ झाले. वीस वर्षं या बाईंनीच लोकांना त्या वाटेवर पाऊल ठेवू दिलं नाही. कारण विचारलं तर कारण नाही. याहून स्पष्ट काय हवं?"

तेवढ्यात मार्सो खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी सांगतो कारण! हा हरामखोर आपल्या सख्ख्या मामाच्या जिवावर... ओगुस्तला जेव्हा—"

"मार्सो! खाली बस!"

शाळेच्या भोजनघरात जो आवाज कधी चढला नाही, तो इथे चढला. मार्सो खाली बसला. त्याच्याबरोबर भिंतीशी उभा असलेला प्रादालही नकळत एका खुर्चीवर बसला.

युगेत मात्र आता उभी राहिली होती. तिने हात कोटाच्या खिशात घातले. "वाट अजून गावाची आहे ना? विकली नाही ना अजून?"

"नाही," मादाम तेसिए म्हणाल्या.

"मग रविवारी या. कागदावर बघू नका, तिथे उभ्या राहून बघा."

"ही नाटकं आहेत," सिल्वां म्हणाला.

"जागा मला पाहायचीच होती," बाई चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या. "रविवारी पाहीन."

शनिवारी युगेत कोयता घेऊन वरच्या वळणावर गेली तेव्हा मार्सो यांत्रिक करवत घेऊन तिच्या आधीच तिथे पोचला होता. आडवं पडलेलं बीचचं झाड त्याने कापून बाजूला केलं. प्रादाल दूध काढून झाल्यावर आला आणि दगडी कठडा रचायला लागला. ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली, माणसाएवढी वाढलेली पिवळ्या फुलांची झुडपं, नेचे, सगळं तोडत तोडत ते अंगणाच्या फाटकापर्यंत उतरले. आत गेले नाहीत. खाली वाट तशीच होती, दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमध्ये, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. युगेतने तारेच्या घासण्याने फुली घासून काढली. रंग चांगल्या प्रतीचा होता, निघता निघेना. तिला स्वतःच्या नीटनेटकेपणाचाही राग आला.

रविवारी चर्चसमोर माणसं जमली. नेहमीचा गट होताच. पावाची गाडी चालवणारी बाई आली, प्रादालची सासू काठी घेऊन आली, शहरातली कुरकुरणारी मंडळीही आली. काही जण आले नाहीत. सिल्वांच्या पाहुण्यांवर ज्यांचा धंदा चालणार होता, ते पडद्याआडून बघत राहिले. कोण कोण पडद्याआड होतं ते युगेतने बघून ठेवलं.

रानातून उतरताना गलका चालला होता. कोणाचा गुडघा, कोणाची सून, यंदा मोरेल अळंबी किती कमी आली. अंगणाचं फाटक आलं. आत मादाम तेसिए हौदाशेजारी उभ्या होत्या, पायऱ्यांवर सिल्वां, हौदात कमरेएवढ्या पाण्यात लियोंहून आलेलं एक जोडपं.

युगेत पुढे शिरली, आणि तिच्या मागचा आवाज बंद झाला.

कोणी सांगितलं नव्हतं. छप्पर दिसलं आणि सगळी सवयीने गप्प झाली. नुसती गप्प नाही. माणसं दगड सोडून कडेच्या गवतावरून चालायला लागली, टाचा उचलून, आजाऱ्याच्या खोलीतून जावं तशी. जाड तळाच्या बुटांचा काडीएवढा आवाज येत नव्हता. काठीवाल्या म्हातारीने काठीसुद्धा हातात उचलून धरली होती.

तेवढ्यात पायऱ्यांवरून सिल्वांचा आवाज आला.

"बघा मादाम, बघा. चोरासारखे चालताहेत. ज्याची वाट असते तो असा चालतो का?"

युगेत थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. हे कोणासाठी चाललं आहे ते या माणसाला कळत नव्हतं असं नाही. त्याला कळत होतं. कळत असूनच तो हे बोलत होता, आपल्या मामाच्या भट्टीपासून चार पावलांवर.

ती गवतावरून दगडावर आली. उजवा बूट उचलला आणि आपटला.

"दगडावरून चाला!" ती ओरडली. "सगळे! गवत सोडा! पाय वाजवत चाला! इथे आता झोपलेलं कोणी नाही!"

मग मार्सोने पाय आपटला. मग प्रादालने. मग सगळे दगडावर आले, आणि अंगणात तो आवाज उठला जो तिथे वीस वर्षं उठला नव्हता. गोठ्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. हौदातलं जोडपं आधी हसलं, मग हसायचं थांबलं. मादाम तेसिएंना भिंतीशी सरकून जागा द्यावी लागली. माणसं त्यांच्या अंगावरून जावीत तशी जात होती, आणि प्रत्येक जण जाता जाता टोपीला हात लावून "बोंजूर" म्हणत होता. युगेत सगळे पार होईपर्यंत दगडावर पाय आपटत उभी होती. तिने भट्टीकडे एकदाही पाहिलं नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

"मी लिहीन," मादाम तेसिए तिच्याजवळ येऊन हलकेच म्हणाल्या, "की लोकांना जायला मला बाजूला व्हावं लागलं."

"लिहा. आणि हेही लिहा, की ही वेळ आमच्यावर कोणी आणली."

"ते मला लिहिता येणार नाही, मादाम."

"माहीत आहे मला," युगेत म्हणाली. "तेच तर."

धबधब्यापाशी नेहमीसारखे डबे सुटले. पाण्याचे तुषार उडत होते, खडकांवर ऊन होतं. प्रादालने जाहीर केलं की तो विक्रीचा विषय पुढच्या सभेतून काढून टाकणार, अधिकाऱ्यांचा अहवाल येवो न येवो. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, जणू हे त्यानेच केलं होतं. युगेत एका खडकावर बाजूला बसली होती. मार्सो चाकूने सुक्या सॉसेजच्या चकत्या कापत तिच्याजवळ आला.

"घे. जिंकलो की आपण."

"काय जिंकलो?" ती फटकन म्हणाली. "आपल्याच वाटेवरून चाललो. त्यासाठी मेलेल्या माणसाच्या दारात पाय आपटायला लागले मला. याला जिंकणं म्हणतोस?"

मार्सो चाकूवरची चकती तशीच पुढे धरून उभा राहिला.

"दे इकडे," शेवटी ती म्हणाली. "पण जाड काप."